परदेशातल्या कुपोषित बाळांसाठी अंगावरचं दूध द्यायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लेक झाली तेव्हा मला दूध इतकं यायचं की तिचं पोट भरून वर रोज दोन-तीन पिशव्या उरायच्या. आम्ही नुकतेच अमेरिकेत आलो होतो, बाळंतपण उरकून आई परत गेली होती, आणि मी रात्री दोनला पंप लावून बसायचे नि फ्रीजरमधल्या त्या पिशव्या बघून वाटायचं की हे ओतून कसं द्यायचं. मग एका नर्सने मिल्क बँकेचं सांगितलं, म्हणजे आयांनी दिलेलं जास्तीचं दूध तपासून गरजू बाळांना पुरवणारी जागा, आणि पुढे सात महिने मी दूध दिलं. आता ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या बाळंतिणी विचारत असतात, आणि जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की हे दूध आफ्रिकेतल्या उपाशी बाळांना पाठवता येईल का. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीचं काही असेल तर डॉक्टरांनाच विचारा.

असं दूध खरंच कधी परदेशात गेलंय का?

हो, गेलंय. २००६ साली मिनेसोटातल्या जिल यूज नावाच्या बाईंनी इंटरनॅशनल ब्रेस्ट मिल्क प्रोजेक्ट सुरू केला. त्यांच्याकडेही उरलेलं दूध होतं आणि त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानच्या एका अनाथ बाळांच्या घराबद्दल कळलं होतं, ईथेम्बा लेथू, झुलू भाषेत याचा अर्थ 'आमची आशा'. तिथे एड्सने आई गेलेली किंवा सोडून दिलेली तान्ही बाळं होती आणि त्यांच्यासाठी तिथल्याच विद्यापीठातल्या प्राध्यापक ॲना कुत्सूदिस यांच्या पुढाकाराने छोटी मिल्क बँक चालू होती. अमेरिकेतून गोठवलेलं दूध विमानाने तिकडे गेलं, नंतर शेकडो आया त्यात आल्या, दूध तपासून पाश्चराइझ करायला, म्हणजे जंतू मरतील असं तापवायला, एक कंपनी पुढे आली.

पण पुढचं पण ऐका, कारण हे कोणी सांगत नाही. गोळा झालेल्या दुधाचा मोठा वाटा अमेरिकेतच राहायचा, ती कंपनी त्यातून इथल्या हॉस्पिटलांना विकायचं प्रॉडक्ट बनवायची आणि काही वाटा आफ्रिकेला जायचा. यावर खूप बायका दुखावल्या. त्यांना वाटत होतं आपला थेंब न थेंब तिकडे जातोय. मला स्वतःला यात जिल यूजचा हेतू वाईट होता असं अजिबात वाटत नाही, विमानाने गोठवलेलं दूध पाठवायला प्रचंड खर्च येतो आणि तो कोणीतरी भरायलाच लागतो, पण म्हणूनच सांगते की कुठेही दूध द्यायच्या आधी सरळ विचारा: माझ्या दुधातलं किती, कुठे, कोणाला जाणार, आणि त्यावर कोण पैसे मिळवणार. चांगली बँक या प्रश्नावर रागवत नाही.

तिकडच्या आयांना दूध येत नव्हतं का?

येत होतं की! प्रॉब्लेम दुधाचा नव्हताच. त्या काळात एचआयव्ही असलेल्या आईला सांगायचे की पाजू नको, बाळाला लागण होईल, आणि पावडरचा डबा हातात द्यायचे. आता ज्या घरात नळ नाही, सरपण विकत आणायचं, तिथे दिवसातून आठ वेळा पाणी उकळून बाटली उकळून दूध कोण करणार? बोत्सवानात २००५-०६ च्या पावसाळ्यात पाणी खराब झालं, जुलाबाची साथ आली आणि शेकडो लहान मुलं दगावली, आणि दवाखान्यात आलेली बहुतेक तान्ही बाळं वरच्या दुधावरची होती. एचआयव्हीपासून वाचवलेली बाळं जुलाबाने गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेक मांडीवर होती आणि मला पुढचं वाचवेना.

याच दर्बानमध्ये कुत्सूदिस बाईंच्या टीमने १९९९ साली दाखवलं होतं की फक्त आणि फक्त आईचं दूध पाजलं तर लागण कमी होते, अंगावरचं आणि वरचं मिसळून दिलं की जास्त. नंतर औषधं आली, आई रोज गोळ्या घेत असेल तर दुधातून लागण व्हायची शक्यता खूपच कमी होते, आणि २०१० पासून जागतिक आरोग्य संघटनाही औषधं घेऊन पाजा असं सांगते. २०११ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेने त्श्वाने इथे जाहीर केलं की सरकारी दवाखान्यातलं फुकट पावडर वाटप बंद, आता स्तनपान आणि मिल्क बँका यांना जोर. म्हणजे २००६ ला जी गरज होती ती आज त्याच रूपात नाहीये हे लक्षात घ्या.

माझं दूध पाठवलं तर कुपोषित मूल बरं होईल?

हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आपल्या डोळ्यासमोर येतं ते हातापायाच्या काड्या झालेलं दीड-दोन वर्षांचं मूल. त्या मुलाला दात्या आईच्या दुधाने बरं करता येत नाही, त्याला उपचाराचं वेगळं अन्न लागतं, शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घालून केलेली घट्ट पेस्ट असते ती, आणि इन्फेक्शन असेल तर औषधं. मेळघाटातलं मूल असो की नायजरमधलं.

दात्या आईचं दूध ज्याच्यासाठी खरंच औषध आहे ते बाळ म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, किलो-सव्वा किलोचं, आई आजारी आहे किंवा गेली आहे किंवा अजून पान्हा फुटलेला नाही असं. अशा बाळाच्या कोवळ्या आतड्याला पावडरचं दूध झेपत नाही, आतडं सडायचा एक भयंकर आजार होतो, एनईसी म्हणतात, आणि दात्या आईच्या दुधावर तो होण्याचा धोका पावडरपेक्षा बराच कमी असतो. क्रम कायम हाच: आधी स्वतःच्या आईचं दूध, ते नसेल तर मिल्क बँकेचं, तेही नसेल तर पावडर.

मग सहा महिन्यांच्या आतलं बाळ कुपोषित असेल तर? तिथे डॉक्टर आधी बघतात की आईचं दूध परत कसं येईल. एक फार सुंदर पद्धत आहे, बारीक नळीचं एक टोक दुधाच्या कपात आणि दुसरं आईच्या स्तनाग्राजवळ चिकटवायचं, बाळ आईला ओढतं, पोटात कपातलं दूध जातं आणि ओढण्याने आईला पान्हा सुटायला लागतो, मग हळूहळू कप खाली खाली नेतात आणि शेवटी नळी काढून टाकतात. मला विचाराल तर ती नळी आणि ती शिकवणारी नर्स तुमच्या-माझ्या शंभर पिशव्यांपेक्षा जास्त बाळं वाचवते.

उपाशी आईचं दूध पातळ आणि निकस असतं ना?

नाही! अर्धपोटी आईलाही बाळाला पुरेल असं दूध येतं, शरीर आधी बाळाचं बघतं आणि आई झिजते. काही जीवनसत्त्वं कमी पडतात, पण त्यावर उपाय आईला खायला घालणं हाच आहे. तिचं दूध 'खराब' म्हणून तोडायचं आणि बाळाला बाटली द्यायची असं करू नका. आपल्याकडे पण बाळंतिणीला पहिले दिवस नुसत्या पातळ भातावर ठेवणारी घरं आहेत, चीक पिळून टाकणारी पण, त्यांना पण हेच सांगा.

भूकंप, पूर, युद्ध झालं की लगेच दूध पाठवू का?

नको. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेत आवाहनं फिरली, आयांनी भराभर दूध द्यायची तयारी दाखवली, आणि मदत करणाऱ्या संस्थांनीच सांगितलं की पाठवू नका. वीज नाही, फ्रीजर नाही, वितळलेलं दूध काही तासांत खराब होतं. तिथे त्याच आयांना आडोसा, पाणी, दोन वेळचं जेवण आणि पाजायला शांत जागा मिळाली की त्या स्वतः पाजतात, आणि शेजारणीच्या बाळाला पण पाजतात. अशा वेळी पैसे द्या.

मग परदेशातल्या बाळांसाठी मी करू काय?

माझं मत सांगते, पटलं तर घ्या. दूध जवळच्या बँकेला द्या आणि लांबच्या बाळासाठी पैसे तिथल्या बँकेला द्या. दक्षिण आफ्रिकेत आता स्वतःच्या बँका आहेत, केपटाऊनची मिल्क मॅटर्स आहे, तिथल्याच आया दूध देतात. एक विमानाचा खोका पाठवायच्या खर्चात तिथे किती तपासण्या होतील याचा विचार करा. आणि दर वेळी महागडं मशीनच लागतं असंही नाही, क्वाझुलू-नताळमध्ये, म्हणजे दर्बानच्याच प्रांतात, काचेच्या बाटलीत दूध घालून पाण्याच्या भांड्यात पटकन तापवायची साधी पद्धत वापरली, आणि तापमान बरोबर गेलं का ते मोबाइलला जोडलेल्या सेन्सरने बघायची सोय केली, पाथ ही संस्था आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी.

ब्राझीलचं तर बघाच. तिथली पहिली बँक १९४३ ची आणि आज दोनशेच्या वर आहेत, जगातलं सगळ्यात मोठं जाळं. राजधानीत आगीच्या बंबवाले घरोघरी जाऊन दूध गोळा करतात, आणि बाटल्या म्हणजे इन्स्टंट कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या, उकळून घेतलेल्या! हेच तंत्र त्यांनी आफ्रिकेतल्या केप व्हर्दला शिकवलं, २०११ मध्ये तिथे बँक सुरू झाली. ब्राझीलने तिकडे दूध पाठवलं नाही, बँक कशी चालवायची ते शिकवलं. खरी मदत ती.

कोण देऊ शकतं?

जिचं स्वतःचं बाळ नीट वाढतंय, जी निरोगी आहे, सिगरेट-तंबाखू नाही, ड्रग्ज नाहीत. आधी फोनवर प्रश्न विचारतात, मग रक्त तपासतात: एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, आणि अमेरिकेत एचटीएलव्ही नावाचा एक विषाणू पण. मिशरी पण तंबाखूच आहे बरं, ती लपवू नका. हल्ली टॅटू काढलाय का, रक्त चढवलंय का, हे विचारतात. शतावरी कल्प, मेथीच्या कॅप्सूल, कुठलीही काढ्याची गोळी चालू असेल तर सांगा, बऱ्याच बँका हर्बल औषधं चालत असताना दूध घेत नाहीत. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा यांचं मी घाबरत विचारलं होतं तर त्यांनी ते जेवण म्हणून धरलं.

आणि बी-१२! आपल्या शाकाहारी बायकांत ते कमी असणं फार कॉमन आहे, आणि आईत कमी असलं की दुधात कमी. दूध द्यायचं असो नसो, तपासून घ्या. दूध-दही पण न खाणारी असेल तर बँक बी-१२ ची गोळी चालू आहे का विचारतेच.

माझ्या बाळाला कमी पडेल का? सासूबाई म्हणतात वाटलं की आटतं.

उलट आहे. जेवढं काढाल तेवढं बनतं, रिकामं झालं की शरीराला कळतं अजून हवंय. फक्त पहिले काही आठवडे बाळाचं बसू द्या, वजन वाढू द्या, मग द्या, आणि आपल्या बाळाच्या तोंडचं काढून कोणीच द्यायचं नाही, बँक पण ते घेत नाही.

सासूबाईंना धाराऊंची आठवण करून द्या. सईबाईंची तब्येत बरी नव्हती तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी शंभूराजांना पाजलं. आपल्याकडे दूधआई आणि दूधभाऊ हे शब्द आहेत, म्हणजे ही गोष्ट आपल्या घरांत होतच होती. माझ्या सासूबाईंनी आधी दृष्ट लागेल म्हणून नाक मुरडलं होतं आणि नंतर त्याच शेजारणीला सांगायला लागल्या की आमच्या सुनेचं दूध हॉस्पिटलात जातं.

दूध काढायचं आणि ठेवायचं कसं?

हात साबणाने धुवा, पंपाचे भाग प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन वाळवा. बँकेने पिशव्या-बाटल्या दिल्या असतील तर त्याच वापरा. पिशवी काठोकाठ भरू नका, गोठलं की फुगतं. लगेच तारीख लिहा, आधी लिहा आणि मग भरा, भरलेल्या ओल्या पिशवीवर पेन चालत नाही. आडवी ठेवून गोठवा म्हणजे पुस्तकांसारखी रचता येतात. ताजं कोमट दूध गोठलेल्यावर ओतू नका. फ्रीजमध्ये साधारण चार दिवस, फ्रीजरमध्ये सहा महिन्यांच्या आत दिलेलं बरं, आणि फ्रीजरच्या दारात ठेवू नका, सारखं उघडझाक होते.

आमच्या फ्रीजरचा प्लग एकदा आम्ही तीन दिवस बाहेरगावी असताना निघाला होता. परत आले तर सगळं पाणी. पंचवीस-तीस पिशव्या बेसिनमध्ये ओतल्या, एकेक कापून, आणि खूप रडले. तेव्हापासून एक ट्रिक करते: एका कपात पाणी गोठवायचं, वर एक नाणं ठेवायचं. परत आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं की वीज गेली होती, दूध द्यायचं नाही.

एवढं दिलं तर एका बाळाला किती दिवस पुरतं?

किलोभर वजनाच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी अगदी थोडे मिलिलिटर नळीने देतात, पूर्ण दूध सुरू झालं की दिवसाला दीडशे ते एकशेऐंशी मिलिलिटर. म्हणजे तुमची एक बरी भरलेली पिशवी हा अशा बाळाचा जवळपास एक दिवस. इथल्या अनेक बँका कमीत कमी शंभर औंस मागतात, साधारण तीन लिटर, पण ते एकदम नाही, सगळे महिने मिळून. आकडा ऐकून घाबरू नका.

बँकेत गेल्यावर दुधाचं काय करतात?

अनेक आयांचं दूध एकत्र करून ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात, मग पटकन गार करतात, जंतूंची टेस्ट करतात आणि उणे २० वर गोठवतात. एचआयव्ही यात मरतो. काही चांगल्या गोष्टी पण कमी होतात, जिवंत पेशी जातात, रोगाशी लढणारी प्रथिनं थोडी जातात, पण आतड्याला सांभाळणाऱ्या खास साखरा टिकतात. घरी गॅसवर उकळून हे होत नाही.

मैत्रिणीच्या बाळाला किंवा नेटवरच्या कोणाला थेट देऊ का?

नेटवरच्या अनोळखी माणसाला नको आणि त्याच्याकडून घेऊ पण नका. तपासणी नाही, कसं साठवलं माहीत नाही, दुधात पाणी घातलंय का तेही कळत नाही. बहिणीचं बाळ असेल तर दोघींनी रक्त तपासून, डॉक्टरांना सांगून ठरवा.

मुस्लिम देशांत हे दूध चालतं का?

तिथे दूधनातं रक्ताच्या नात्याइतकं मानतात, एका आईचं दूध प्यायलेली मुलं भावंडं होतात आणि त्यांचं आपसात लग्न होत नाही. म्हणून कोणाचं दूध कोणाला गेलं हे माहीत नसणं बऱ्याच जणांना मान्य नसतं. ढाक्यात २०१९ ला आणि कराचीत २०२४ ला बँक यामुळेच थांबली. मला यात त्यांची चूक वाटत नाही, काही ठिकाणी एक दाती एक बाळ अशी नोंद ठेवून, दोन्ही घरांची ओळख करून देऊन मार्ग काढतात. बाहेरून दूध पाठवणाऱ्याने हे आधी विचारलं पाहिजे.

पैसे मिळतात का?

ना-नफा बँकेत नाही. कुरियर, बर्फाचा खोका, रक्ततपासणी हा खर्च बँक करते, तुम्हाला एक पैसा लागत नाही. विकत घेणाऱ्या कंपन्या आहेत, पण कंबोडियाचं लक्षात ठेवा: एक अमेरिकन कंपनी नॉम पेन्हच्या गरीब बायकांकडून दूध विकत घेऊन अमेरिकेत विकायची, म्हणजे दूध नेमकं उलट्या दिशेने, गरिबाच्या बाळाकडून श्रीमंताच्या बाळाकडे. २०१७ च्या मार्चमध्ये कंबोडियाने ते बंद पाडलं. भारतात एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२४ मध्ये स्पष्ट केलं की आईच्या दुधाचा धंदा चालणार नाही.

मी महाराष्ट्रात आहे, मी परदेशात पाठवू शकते का?

परदेशाचा विचारच करू नका, तुमच्या जिल्ह्यातच गरज आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मिल्क बँक सुरू केली, आणि तिथे देणाऱ्या बहुतेक बायका म्हणजे त्याच वॉर्डातल्या, बऱ्याचदा झोपडपट्टीतून आलेल्या बाळंतिणी, ज्यांचं स्वतःचं बाळ आत काचेच्या पेटीत आहे. २०१७ च्या सरकारी नियमांनंतर मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत अशी केंद्रं निघतायत, आधी आईला स्वतःचं दूध काढायला शिकवतात आणि मग उरलेलं दान घेतात. तुमच्या जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, जाऊन विचारा. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षात पाजता येतं, दूध गोळा होत नाही, हे पण एकीने विचारलं होतं म्हणून सांगितलं.

माझं बाळ गेलं. दूध अजून येतंय. मी देऊ शकते का?

हा प्रश्न मला तिघींनी विचारलाय, तिघींनीही रात्री. हो, देऊ शकता. अनेक बँका घेतात, कमीत कमी शंभर औंसांची अट अशा आईला सहसा लावत नाहीत, आणि आधीचं साठवलेलं दूध असेल तर तेवढंच पण घेतात. फोनवर फक्त 'माझं बाळ गेलं' एवढं सांगा, पुढचे प्रश्न ते जपून विचारतात. द्यायचं नसेल तर नका देऊ, त्यात काही चुकत नाही. दूध थांबवायचं असेल तर एकदम बंद करू नका, गाठी होतात, ताप येतो, रोज थोडं थोडं कमी काढा, थंड पाण्याच्या घड्या ठेवा, आणि एकट्या राहू नका, आई किंवा बहीण कोणालातरी पंधरा दिवस बोलावून घ्या.